फिरत्या फळ्यावरची एक ओळ

मी एक जुना फिरता फळा आहे. लाकडी चौकटीत दोन खिळ्यांवर तोललेला, ढकलला की उलटा होणारा. दोन बाजू आहेत म्हणून मला कुणी दुतोंडी म्हणतं. मी मनावर घेत नाही.

मित्रांनो, मला एका शाळेच्या सुताराने बनवलं. त्याने मला असं घासलं होतं की पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी बोट फिरवून "वा!" म्हटलं. बावीस वर्षं मी वर्गात उभा होतो. मग पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी सायकलींच्या शेडमध्ये झाली. तिथे माझ्यावर ओले रेनकोट वाळत घालत. एके दिवशी गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी मला तिथून उचलून आणलं, काळा रंग दिला आणि शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांपैकी एकीत उभं केलं.

तिथे बाईंचा गणिताचा क्लास चाले. एकतीस मुलं, दुपारी चारनंतर. सकाळी बाई वर्तमानपत्रांसाठी बातम्या लिहीत. नोकरी कुठल्याच वर्तमानपत्रात नव्हती. बातमी पसंत पडली तर छापत. रविवारी त्या बाहुल्यांची नाटकं रचत. तिन्ही कामांना फळा मी एकटाच. पुढच्या बाजूला गणित. मागे डावीकडे बातमी, उजवीकडे नाटक. चार वाजायच्या आत मागची बाजू भिंतीकडे करायची आणि कडी लावायची, असा नियम होता.

सुरुवातीला बाई मागचा मजकूर रोज वहीत उतरवून मला पुसून काढत. पुढे कामं वाढली आणि पुसणं राहू लागलं. कडीचा स्क्रूही ढिला झाला. क्लासचे प्रवेश सांभाळणारी त्यांची ताई म्हणाली, "तुझ्या डोक्यासारखीच याचीही कडी सैल झालीय." बाई म्हणाल्या, "रविवारी बघू." रविवारी नाटक असायचं.

त्या आठवड्यात बाई शाळेच्या बसगाड्यांवर बातमी लिहीत होत्या. तीन गाड्यांचे ब्रेक न तपासताच नोंदवहीत 'तपासले' अशी सही होत होती. हे सांगितलं बसमालकाच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकने. त्याची मुलगी क्लासला होती. तो म्हणाला होता, "बाई, माझं नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेणार नाहीत. घरी आई अंथरुणाला खिळलीय." बाईंनी शब्द दिला. नाव त्यांनी कुठेच लिहिलं नाही. पण माझ्या मागे, सगळ्यात वर लिहिलं : 'रविवार पाळीचा मेकॅनिक'. त्याखाली 'बस ४, ९, ११'. रविवारच्या पाळीला गॅरेजमध्ये एकच मेकॅनिक असतो.

आणि बसमालकाचा मुलगाही याच क्लासला होता. क्लाससाठी आपला मोठा हॉल द्यायला मालक तयार होता.

शनिवारी पाचला पालकसभा होती आणि सातला बातमी द्यायची होती.

"मालकाची बाजू विचारलीस?" ताईने विचारलं.

"सभा होऊ दे."

"सभा होऊ दे की हॉल मिळू दे?"

बाईंनी खुर्च्या मांडायला घेतल्या.

सभा भरली. मालक पुढच्या खुर्चीत, मेकॅनिक शेवटच्या रांगेत. हॉलबद्दल सांगायला मालक उठला आणि ऐटीत माझ्या चौकटीवर हात टेकून उभा राहिला. त्याचं वजन पडलं आणि कडी सरकली. मी जीव खाऊन जागेवर राहायला बघत होतो. पण फळ्याच्या हातात काय असतं? मी फिरलो.

आधी हशा पिकला. उजवीकडे नाटकातल्या उंटाचं चित्र होतं.

"बाई, हा उंट की शिडी?" एक वडील म्हणाले.

मालकही हसत वळला. तेवढ्यात बाई धावल्या. डस्टर टेबलाच्या पलीकडे होता. त्यांनी तळव्यानेच वरची ओळ पुसली. फक्त तीच.

मालकाने खालचे आकडे वाचले. हसू गेलं. "काय पुसलंत?"

"ते तुमच्यासाठी नव्हतं," बाई म्हणाल्या. "उरलंय ते तुमच्यासाठी आहे. या तीन बसचे ब्रेक खरंच तपासले होते का? मी बातमी लिहितेय. हे तीन दिवसांपूर्वीच विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता विचारते."

"कुणी सांगितलं हे?"

"ते सांगणार नाही."

एक आई उभी राहिली. "अहो, माझी मुलगी नऊ नंबरात बसते. तपासले की नाही, तेवढं सांगा ना!"

"वहीत सगळ्या सह्या आहेत," मालक म्हणाला. बाईंनी खडू घेतला आणि ते शब्द जसेच्या तसे माझ्यावर लिहिले. मालकाने ते लिहून होईपर्यंत पाहिलं. "माझा पोरगा उद्यापासून येणार नाही. आणि हॉल विसरा." तो जिना उतरला. त्याच्यामागून आणखी काही पालक उठले.

खोली रिकामी झाल्यावर मेकॅनिक माझ्याजवळ आला. त्याने रुमाल भिजवला आणि वरची ओळ घासायला लागला. कितीतरी वेळ घासत होता.

"पुसलीय ना मी?" बाईंनी विचारलं.

"अजून वाचता येत होतं, बाई."



मालक माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने ती ओळ वाचली की नाही, हे आम्हांला कळणं शक्य नव्हतं. बातमी सात वाजता गेली, रविवारी छापून आली. सोमवारी चार वाजता बाई, ताई आणि मी, तिघेही दाराकडे बघत होतो. आठ मुलं आली नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी मेकॅनिकची मुलगी धापा टाकत आत आली.

"उशीर का गं?" ताईने दारातच विचारलं.

"बाबांची वाट बघत होते. आज त्यांना सुटायला उशीर झाला. गॅरेजमध्ये सगळ्या बस खोलून ठेवल्यात."

बाईंनी पाठ फिरवली आणि माझ्यावर त्रैराशिकाचं गणित लिहायला घेतलं. पहिली ओळ वाकडी आली.

मित्रांनो, माझ्यावर पुसट झालेलं अक्षर तसंच राहतं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, शोधणाऱ्याला दिसतं. एखाद्याने विश्वासाने तुम्हांला काही सांगितलं, तर ते माझ्यासारख्यावर लिहू नका. आणि चुकून लिहिलंतच, तर तळहातावर भागवू नका. ओला फडका घ्या, आणि पुसून झाल्यावर एक पाऊल मागे सरून नीट बघा.