डफाचं वारं

गेल्या चार महिन्यांत मी घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू भूमिकाच्या पाठीमागे वाजवून पाहिली आहे. वाटी-चमचा, कुलूप, कुकरचं झाकण, मोबाईल. एकदा देवघरातली घंटासुद्धा. सासूबाईंनी बघितलं तेव्हा म्हटलं, पुसत होते. भूमिका चौदा महिन्यांची आहे. कधी वळते, कधी नाही. वळली की वाटतं, माझी सावली पडली असेल. नाही वळली की वाटतं, खेळात असेल. दिवसातून दहा वेळा हेच. अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा खांदे असे दुखतात, जसं काही दिवसभर विहिरीचं पाणी शेंदलं.

नाशिकला एक तपासणी होते. लेकराला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज आत पोचतो की नाही ते बघतात. दोनदा वेळ घेतली, दोनदा योगराजने पुढे ढकलली. माझा नवरा वाईट नाही. सबस्टेशनवर रात्रपाळ्या करतो, घरी आला की आधी तिला उचलतो. पण त्याचं एकच म्हणणं, "डफावर नाचणारं लेकरू बहिरं कसं असेल? मुक्काम होऊ दे. तिथे सगळे वाजवतील, आपण नीट बघू. तिथे नाही हलली, तर सोमवारी नाशिक. हलली, तर हा विषय बंद."

मी हो म्हटलं. भांडायला अंगात जीव नव्हता.

मुक्काम म्हणजे वहीवाल्यांचा मुक्काम. वही म्हणजे डफावर गायची लांबलचक गोष्ट. एक जण सांगतो, बाकीचे झेलतात. माझे सासरे, जीवराम आबा, पन्नास वर्षं डफ वाजवतात. दरवर्षी संक्रांत झाली की धुळ्याकडचे आणि जळगावकडचे वाजवणारे बायकापोरांसकट कोणाच्या तरी शेतात दोन दिवस उतरतात. ना बॅनर, ना पाहुणे, ना सत्कार. ताडपत्र्या बांधायच्या, वांगी भाजायची, वाजवायचं. यंदा पिंपळनेरजवळ नवल नानांचं शेत होतं. कांद्याच्या वाफ्यांना लागून मोकळं रान, मोहाची दोन झाडं, पलीकडे पांझरा नदीचं उथळ पाणी.

आम्ही धुळ्यातल्या देवपूरहून शनिवारी निघालो. योगराजने ऑनलाइन मागवलेला निळा तंबू होता. तो उभा करताना त्याची एक काडी मोडली.

"योगराज, हाई काय शे? मच्छरदानी का?" नवल नानांनी विचारलं. हे आबांचे जुने जोडीदार, टिमकी वाजवतात. बसतात तेव्हाही बोटं मांडीवर चालू असतात.

"नाना, चार माणसांचा तंबू आहे."

"चार मानसं का चार कोंबड्या?"

सगळे हसले. मीही हसले. रात्री त्या तंबूत तिघं झोपलो तेव्हा योगराजचे पाय बाहेर होते आणि थंडी आत. भूमिका दर तासाला उठली. सकाळी डोळे उघडले तेव्हा बाहेर काटक्यांचा जाळ पेटला होता आणि पुरुष त्याभोवती डफ शेकत होते. थंडीत कातडं सैल पडतं, मग ते जाळावर धरून ताठ करतात. मधूनच कोणीतरी बोट मारून बघतो, मान हलवतो, परत धरतो.

आबांचा डफ आधी तयार झाला. त्यांनी हात पुढे केले. "आन तिले."

मी भूमिकाला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी डफ तिच्या पोटाला लागेल असा धरला आणि वाजवायला लागले. ती आधी थांबली, मग डोळे मोठे झाले, मग सगळं अंग हलायला लागलं. तालात. अगदी तालात. आबा थांबले की ती थांबे, आबांनी उचललं की तीही उचले. तिने दोन्ही तळवे कातड्यावर ठेवले आणि खिदळली.

"जीवरामनी नात शे ती!" नवल नाना ओरडले. "पोटमाईन ताल लई उनी!" पोटातूनच ताल घेऊन आली म्हणे.

सासूबाई, लताबाई, चुलीपाशी पीठ मळत होत्या. त्या माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाल्या, "पोर बहिरी शे म्हने! शिकेल बायास्ना डोकामा काय काय येस, माय!"

बायका हसल्या. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, त्यांना बरं वाटलं होतं. योगराज माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा इतका हलका मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"बघितलंस ना? आता काढ मनातून."

"हो," मी म्हटलं. आणि खोटं बोलले नाही. मलाही काढायचंच होतं. वाटलं, आपण बारीकसारीक बघत बसतो, म्हणून आपल्याला नसलेलं दिसतं. बी.एस्सी. केलं आणि प्रयोग करायला लेकरू मिळालं. पुरे. आज दुपारी झोपू.

चहा झाला. भूमिका माझ्या मांडीवर बसून शेंगा फोडायचा प्रयत्न करत होती. दोन शेंगा तिने सालासकट चावल्या, मी बोट घालून काढल्या. तेवढ्यात मुक्ताईनगरचे प्रेमराज भाऊ पिकअपमध्ये केळीचे घड घेऊन आले आणि आमच्या अगदी पाठीमागे थांबून त्यांनी तो गाण्याचा हॉर्न वाजवला. एकदा नाही, पूर्ण गाणं.

"अरे मरस का काय!" सासूबाईंच्या हातून पिठाचा गोळा पडला. झाडाखालचं वासरू दोरी ताणून उभं राहिलं. दोन पोरं रडायला लागली. माझ्या स्वतःच्या छातीत धडधडलं.

भूमिका शेंग सोलत होती.

मी तिच्याकडे बघत राहिले. मान वर केली तर जाळाच्या पलीकडून आबा तिच्याकडेच बघत होते. आमची नजर एक झाली, त्यांनी लगेच खाली घातली आणि डफाची दोरी आवळायला लागले. आवळलेलीच होती ती.

नवल नानांच्या घरच्या, ताईबाई, वांगी भाजत होत्या, त्यांना जाऊन सालं काढू लागले. गरम वांग्याने बोटं पोळत होती, पण ते बरं वाटत होतं. अर्ध्या तासाने आबा शेजारी येऊन उकिडवे बसले. सून म्हणून मी उठायला लागले तर हातानेच बस म्हणाले.

"तुले काय दिखस," ते म्हणाले, "ते माले दखाड."

"आबा, मला काही..."

"दखाड ना, बेटा. हॉर्न मी बी आयका."

मी हात पुसले. मोहाखाली एक खाट होती. त्यावर मी चार गोधड्यांची घडी घातली, म्हणजे जमिनीचा हादरा वर येणार नाही. भूमिकाला त्यावर बसवलं, तोंड नदीकडे, हातात केळं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मान खाली घातली. तिच्यामागे काही झालं की माझे डोळे तिकडे जातात आणि ती माझे डोळे वाचते, हे मला या तपासण्यांच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. मी फक्त तिचे पाय बघत होते.

"आबा, लांबून सुरू करा. हळूहळू जवळ या."

आबांनी वीस पावलांवरून पहिली थाप मारली. इकडे गप्पा चालल्या होत्या, त्या थांबल्या. योगराज उठून उभा राहिला. "आता काय चाललंय? हेमांगी?"

"थांब रे," आबा म्हणाले.

पंधरा पावलं. दहा. भूमिकाचे पाय खाटेवरून लोंबत होते, केळं खाता खाता मजेत हलत होते, डफाशी त्यांचा काही संबंध नव्हता. आबा जोरात वाजवायला लागले. पाच पावलं. माझ्या कानात दडे बसायला लागले. तीन. आबा तिच्या पाठीशी आले, डफ तिच्या मानेपासून हातभर लांब धरला आणि सणसणीत थाप मारली.

भूमिका गर्रकन वळली. डफ बघून हसली. केळं खाली पडलं.

"वळनी! वळनी!" नवल नानांनी टोपी उडवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. योगराजने धावत येऊन तिला उचललं, वर फेकलं, झेललं. "झालं? झालं ना आता समाधान?" तो माझ्यावर ओरडला, पण हसत. मीही रडत हसत होते. मला कळत नव्हतं मी चार महिने काय करत होते.

आबा हसले नाहीत. ते डफाकडे बघत होते.

"ठेव तिले परत," ते म्हणाले.

"आबा, आता कशाला..."

"ठेव, योगराज."

योगराजने ठेवलं. मी दुसरं केळं सोलून दिलं. ती परत नदीकडे बघायला लागली. आबांनी या वेळी डफ आडवा धरला, कातडं तिच्याकडे नाही, बाजूला, नवल नानांकडे. अंतर तेच, हातभर. आणि आधीपेक्षाही जोरात थाप मारली. मग दुसरी. मग सलग आठ-दहा. मोहावरचे पक्षी उठले.

तिने केळ्याचा घास घेतला.

मग आबांनी कातडं तिच्याकडे वळवलं आणि एकच थाप मारली. बेताची. तिच्या मानेवरचे बारीक केस हलले, ते मी पाहिलं. ती वळली आणि हसली.

कोणी टाळी वाजवली नाही.

"आवाज नही लागना तिले," आबा म्हणाले. "वारं लागनं. डफनं वारं हातभर जास. पन्नास वरीस व्हयनात वाजाडी ऱ्हायनू, माले ठाऊक शे." त्यांनी डफ स्वतःच्या पोटाला टेकवला, जसा सकाळी तिच्या पोटाला टेकवला होता. "आनि आसा धरा तं दगडबी नाचीन."

नवल नानांची बोटं मांडीवर थांबली होती. प्रेमराज भाऊंनी उगीच घड उचलून दुसरीकडे ठेवला.

सासूबाई पीठ लागलेल्या हातांनीच आल्या. खाटेपाशी बसल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. त्या भूमिकाकडे बघत म्हणाल्या, "मंग इतला दिन मी गाना कोनले म्हनी ऱ्हायनती?"

भूमिकाने त्यांच्या हातावरचं पीठ ओरबाडून तोंडात घातलं.

योगराज कांद्याच्या बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी गेले नाही त्याच्यामागे. मला कोणाची समजूत काढायचा कंटाळा आला होता, आणि माझं खरं ठरलं तरी ते खरं ठरू नये म्हणूनच मी चार महिने झटत होते, हे त्याला समजावून सांगायचाही. तो आपणहून आला.

"सोमवारी किती वाजता?"

"अकरा. पाचला निघावं लागेल."

"आज संध्याकाळीच डिझेल भरून ठेवतो मग." वळता वळता म्हणाला, "आपण आधीच जायला हवं होतं."

तेव्हा मी त्याला सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. "तिच्या जन्माच्या फाईलमध्ये एक कागद आहे. कानाची तपासणी तीन महिन्यांनी परत करा, असं लिहिलंय. मी तो दहाव्या महिन्यात वाचला."

मला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर एका परीने सुटले असते. तो म्हणाला, "मी तर ती फाईल अजून उघडलीच नाही," आणि खाली पडलेलं केळं उचलून वासराला टाकायला गेला.

जेवणं झाली. भरीत चांगलं झालं होतं असं सगळे म्हणत होते, जरा जास्तच म्हणत होते. मग वही सुरू करायची वेळ झाली. दुपारची वही दरवर्षी आबा सांगतात, ते ठरलेलं. नवल नाना आबांचा डफ घेऊन त्यांना बोलवायला आले.

आबा खाटेवर बसले होते, मांडीवर भूमिका. ती त्यांच्या शर्टाची बटणं मोजल्यासारखी एकेक ओढत होती. "आज तुम्ही म्हना," ते नानांना म्हणाले.

"जीवराम, तुन्याबिगर कशी व्हई?"

"व्हई. माले सोमवारले नाशिक जानं शे यास्नासंगे. आज माले हिले देखू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू निजी जा आते. किती रातनी जागी शे कोन जाने. पोर मन्हाजोडे शे."

"आबा, ती शेंगा सालासकट खाते. आणि नदीकडे..."

"दखस ना मी. जाय."

मी तंबूत गेले. उन्हाने आत निळा, कोंदट उकाडा झाला होता. मोडक्या काडीची बाजू नाकाशी आली होती. दोन मिनिटं मी कुशीवर पडून चेनच्या फटीतून बाहेर बघत राहिले. आबांनी तिला खाटेवर उभं केलं होतं आणि तिच्यासमोर वाकून, तोंड मोठं मोठं उघडून काहीतरी बोलत होते. ती त्यांच्या दातांना हात लावत होती. मी चेन ओढून घेतली.

बाहेर नानांनी वही उचलली. सुरुवात जरा खाली लागली, मग जमली. चार डफ होते, एक टिमकी, झांज. सवयीने मोजले मी. आबांचा डफ त्यात नव्हता. नानांचा आवाज एका ठिकाणी फाटला, कोणीतरी "अरे नाना!" म्हणालं, सगळे हसले, आणि पुढची ओळ कोणी झेलली ते मला ऐकूच आलं नाही, कारण मी झोपले होते.