माझं पातं नेणारा

मी पाव कापायची एक जुनी लाकडी सुरी आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या सुरीसारखी मी दिसत नाही. धनुष्यासारखी वाकलेली दांडी हे माझं अंग, आणि दोरीच्या जागी ताणून बसवलेलं दातेरी पातं हा माझा जीव. दोन टोकांना दोन स्क्रू. एवढाच माझा संसार.

बाबांनी मला अक्रोडाच्या फळीतून घडवलं. ताई आणि धाकटा ही त्यांची मुलं. तिघांचा मिळून सुतारखाना होता. मी तिथली पहिली सुरी. बाबा कौतुकाने म्हणायचे, "ही फिरली तरी पावाला पत्ता लागत नाही."

बाबा गेले. धाकट्याने अशाच सुऱ्यांचं वेगळं दुकान थाटलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. पण हा पठ्ठ्या एका सकाळी आला, माझे स्क्रू फिरवले आणि माझं पातं नमुना म्हणून खिशात घालून पात्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला. ताईने काम बंद केलंय, आता सगळी पाती मलाच द्या, असं त्याने बिनदिक्कत सांगितलं.

ताई पाती आणायला गेली तेव्हा हे कळलं. सगळी पाती धाकट्याला कबूल केलीत म्हणत व्यापाऱ्याने हात वर केले. इकडे भिंतीवर तिच्या हातच्या कोऱ्या दांड्या रांगेने टांगलेल्या, आणि एकीलाही पातं नाही. पाती मिळाली नाहीत तर सुतारखान्याला कुलूप, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

पातं गेलं तसा माझा ताण गेला, ताण गेला तसा आवाज गेला. उरला तो राग. तो मी लाकडाच्या रेषारेषांत मुरू दिला.

ताईने मला मापासाठी पिशवीत घातलं आणि ती वणवण फिरली. वखारीत करवतीची जुनी पट्टी मिळाली. तिच्या दात्यांनी पावाचा भुगा केला. धार लावणाऱ्याने गुळगुळीत पट्टी दिली. ती पावाच्या कडक पाठीवरून घसरली. शेवटी दमून ताई एका बेकरीच्या पायरीवर टेकली. आत पाव कापायचं यंत्र धडधडत होतं आणि बेकरीवाली मावशी त्यातली बोथट पाती काढून भंगारात टाकत होती. ताईने मला पिशवीतून काढलं, एक पातं लावून पाहिलं. तंतोतंत.

"यंत्राला नको झालीत, तू ने की," मावशी म्हणाली. "पावही नेत जा. नुसत्या पात्यांनी पोट भरतं होय?"

ताईने एकेका दात्याला बारीक कानस मारली. पहिलं पातं मला लावलं. मी पुन्हा ताठ झाले.

पुढे व्यापाऱ्याने पाती ठेवणंच सोडलं. ताईच्या सुऱ्या मात्र बाजारात दिसत राहिल्या. मग एके दिवशी धाकटा उंबऱ्यात येऊन घुटमळला.

"ताई, पाती कुठनं आणतेस गं?"

"माझं काम तर बंद झालंय ना?" ताई म्हणाली. "बस. चहा घे."

तिने बेकरीचा शिक्का असलेल्या कागदातून अख्खा पाव काढला आणि मला हातात घेतलं. धाकटा अजिजीने बोलत राहिला. दांड्या पडून आहेत, गिऱ्हाईक तुटतंय, निदान दिशा तरी सांग.

"आधी खा," ताई म्हणाली.

उत्तर त्याच्या बोटांत होतं, चहात भिजत होतं, घशाखाली उतरत होतं. आणि हा विचारतच होता! मित्रांनो, इतकं गोड काम मला जन्मात मिळालं नव्हतं. दुसरा काप मी चांगला जाड कापला.

आता तुम्हाला विनवते. काम झालं की सुरी पुसून ठेवा, ओल्यात टाकू नका, अधूनमधून लाकडाला तेलाचा हात लावा. तेवढ्यावर आम्ही जन्मभर राबतो. पण राबणाऱ्या हातातलं काम कुणी हिरावू नये. ताई एखादे दिवशी त्याला माफ करेलही. तिला काळीज आहे. मला फक्त दाते आहेत.

धाकटा अजून येतो. चहा पितो, पात्यांचं विचारतो. मी त्याला पाव कापून देते.