कृपेचा पुरावा

देवाने आपल्याला निवडलं आहे, याबद्दल वकील ओबाडाया थर्लोच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेवढ्यावरच त्याचा खटला बुडाला.

प्रार्थनागृहाच्या बाकांवर सगळी वसाहत बसली होती आणि थर्लो तासभर उभा राहून बोलत होता. लंडनमधली चालती वकिली सोडून, जहाजात आतडी पिळवटेपर्यंत ओकत तो अमेरिकेतल्या या खाडीकाठी आला होता. वसाहतीचे कायदे त्याच्याच हातचे. त्यातलं पहिलं कलम असं, की आपल्यावर ईश्वरी कृपा झाल्याची साक्ष ज्याने मंडळीसमोर दिली आणि मंडळीला ती पटली, तोच मत देणार, तोच न्यायाधीश होणार. इतरांच्या साक्षी तपासण्याच्या नादात त्याची स्वतःची तेवढी राहून गेली होती. न्यायाधीशाची निवड उद्यावर आली होती, आणि त्या खुर्चीसाठीच तर त्याने समुद्र ओलांडला होता.

"तर, पंचमहाशय," थर्लोने समारोप केला, "कृपेचे सात पुरावे मी मांडले. विरुद्ध बाजूने एकही आलेला नाही."

"विरुद्ध बाजू म्हणजे सैतान का हो?" मागून पिंपं बनवणारा एनॉक म्हणाला.

पाद्री व्हीटन खाकरले. "वकीलबुवा, कधी शंका नाही आली? आपण नरकात तर जाणार नाही ना, म्हणून झोप उडाली, असं काही?"

"कशी उडेल? पुरावा भक्कम आहे."

बाकाबाकांवर चुकचुकाट झाला. ज्याला देवाने खरंच निवडलंय त्याला कधी खात्री नसते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. इतकी खात्री असलेला माणूस बहुधा सैतानाच्याच खिशातला.

"पुढच्या वर्षी बघू," पाद्री म्हणाले. "तुमच्या घरचं आणखी कोणी?"

थर्लोची बायको टॅमसिन उठली. हाताला मक्याचं पीठ तसंच होतं. "मला मेलीला काही कळत नाही. कधी वाटतं देव जवळ आहे, कधी वाटतं मी चुलीतलं लाकूड. आज नुसती लापशी करपली, तर रडत बसले."

"घ्या हिला मंडळीत!" तीन बाकांवरून एकदम आवाज आला.

घरी आल्यावर थर्लो म्हणाला, "तू लापशीवर निवडून आलीस!"

"मग तुम्हीही थोडी शंका धरा की."

"धरतो. मुद्देसूद धरतो."

"झालं! अहो, राहू द्या. उद्या माझं मत देते तुम्हाला."

"तुला मत नाही."

"आता का?"

"दुसरं कलम. बायकांना मत नाही."

"कुणी लिहिलं?"

थर्लोने लापशीत चमचा घातला. "खरंच करपलीय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मतदान सुरू झालं आणि कायद्याप्रमाणे त्याला बाहेर काढून दार लावण्यात आलं. वाऱ्यात एकट्याने उभं असताना त्याला पहिल्यांदाच शंका आली. खरंच निवडलं नसेल तर? हा सगळा समुद्र उगाचच ओलांडला असेल तर? त्याचे डोळे भरून आले. "देवा, मला काही कळत नाही रे," तो मोठ्याने म्हणाला. वसाहतीत इतकी उत्तम साक्ष आजवर झाली नव्हती. ऐकायला कुणाची तरी डुकरीण तेवढी होती.

दार उघडून एनॉक बाहेर आला. "वकीलबुवा, अभिनंदन! एकमताने निवडून आलात."

थर्लोने घाईघाईने डोळे पुसले. "न्यायाधीश?"

"नाही, ते मी. तुम्ही मोकाट डुकरं धरायची."

त्या कामाला कृपेची अट नव्हती. अकराव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं होतं.