कुंदनने माझ्यात ठेवलेलं लग्न

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. गोडगोड कहाणी ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

धुळ्यात शालिग्रामभाऊंचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस आहे. मी कोरी आले तेव्हा त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. काय तो मान! पुढे त्यांचे हिशेब, पत्रं, फोटो सगळं मी नीट सांभाळलं. मग माझ्याहून चपळ डिस्क आली आणि माझी रवानगी टेस्टिंगच्या टेबलावर झाली.

ते काम ऐका. मोठी फाईल ठेवताना कॉम्प्युटर जागा मिळेल तिथे तिचे तुकडे टाकतो. नंतर ते शोधता शोधता त्याचाच जीव जातो. हे तुकडे उचलून एका जागी लावणारा प्रोग्राम शालिग्रामभाऊ विकतात. त्यात एक ओळ जरी बदलली, तरी पूर्वी चालत होतं ते अजून चालतंय का, हे त्यांच्याकडे काम करणारी नौशीन माझ्यावर पुन्हा तपासते. म्हणजे आधी मुद्दाम पसारा करायचा, मग आवरायचा, मग एकूण एक अक्षर जुळवायचं. आणि आवरताना मधेच वायर उपटायची, कारण गिऱ्हाइकाकडे लाईट जाणारच! बाई गं, दर वेळी मी तिला मनातल्या मनात शिव्या घालते. पण पोरगी चोख आहे, ते मानते.

पसाऱ्याला मोठ्या फायली लागतात. त्या सोनगीरच्या कुंदनने दिल्या. तो लग्नांचं शूटिंग करतो. नौशीनने बजावलं होतं, "कुंदनभाऊ, हे आम्ही तोडफोडीला वापरणार. तुमची कॉपी जपून ठेवा."

हा पठ्ठ्या हसून म्हणाला, "ताई, ठी दे ना तुमना डबामा. आठे एसी शे, काय व्हई?" इथे एसी आहे, ठेवून द्या म्हणे! आणि घरी जाऊन स्वतःकडची फाईल पुसून मोकळा! आता बोला!

परवा प्रोग्राम बदलला. नौशीनने वायर उपटली, पुन्हा चालू केलं, तर एका लग्नाची फाईल अर्धीच दिसायला लागली. पूर्वी दुरुस्त केलेली चूक पुन्हा उगवली होती. शालिग्रामभाऊ खूश! "बरं झालं, आपल्याकडेच सापडलं. दुरुस्त कर, डिस्क पुसून परत चालव."

नौशीनने चूक काढली, मला पुसलं आणि नव्या फायली ओतायला सुरुवात केली. तेवढ्यात दारात कुंदन, आणि मागे त्या लग्नातली नवरी, रूपा.

"आमच्या आबांचा, माझ्या आजोबांचा, पाय कापावा लागला हो," रूपा म्हणाली. "जेवत नाहीत, बोलत नाहीत. माझ्या हळदीत ते नाचले होते, जन्मात पहिल्यांदा. तेवढं त्यांना दाखवायचंय."

"मनाकडली त मी पुसी टाकी," कुंदन म्हणाला. "आठेच शे ती."

मी किंचाळलेच असते. मित्रांनो, फाईल पुसली तरी तिचे तुकडे माझ्यावर पडून असतात. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं की मात्र संपलं. आणि माझ्यावर तर धडाधड लिहिणं चालू होतं!

शालिग्रामभाऊ म्हणाले, "एवढं संपू दे, मग बघू."

संपू दे? अहो, काय संपू दे?

 नौशीनने सरळ वायर उपटली. तेव्हा मात्र ते उपटणं मला गोड लागलं.

मग तिने मला दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलं, माझ्यावर काहीही लिहू न देता नुसतं वाचत तुकडे वेचले. काही कायमचे गेले होते. हळदीतले बरेच मिळाले.

दुसऱ्या दिवशी आबांना रिक्षातून ऑफिसात आणलं. पडद्यावर नाच चालू झाला, मधे मधे अडकत. आबा बघतच राहिले.  मला वाटलं, चुकलंच आपलं.

"रूपा, हाऊ मी शे का?"

"हा आबा, तुमीच."

"कसा पाय फेकी रायना म्हतारा!" आबा खो खो हसले, आणि त्यांनी चहा मागितला. रूपा रडायलाच लागली.

कुंदनही डोळे पुसत होता. पुसता पुसता त्याने खिशातून पेन ड्राईव्ह काढला. "ताई, नरडाणानं लगीन शे. हाई बी ठी दे."

अरे देवा!

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत. आपल्या माणसांचं हसणं, नाचणं दोन ठिकाणी ठेवा. दोन! आणि कृपा करून, त्यातलं एकही ठिकाण मी नसावं.