करुणाच्या औषधाचा माठ

मी एक जुना माठ आहे, पण पाण्याचा नव्हे, औषधाचा. मित्रांनो, माझ्या पोटात एक लहान गाडगे असे आणि आमच्या मधल्या फटीत ओली वाळू. सेनगावजवळच्या गोरेगावच्या कोंडीबा कुंभाराने मला घडवले. तेव्हा काही डॉक्टरांचे मधुमेहाच्या उपचारावर संशोधन चालू होते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांचे इन्सुलिन मातीच्या भांड्यात टिकते का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून मी पद्माबाईंच्या घरी आलो. त्यांच्या नातीला, करुणाला, लहानपणापासून साखरेचा आजार. रोज सुई घेतली नाही तर जिवाला धोका.

पद्माबाई सकाळी आधी माझ्या वाळूला पाणी घालत, मग चहा ठेवत. अख्खा उन्हाळा मी करुणाची इन्सुलिनची बाटली गार राखली. त्या संशोधनातल्या डॉक्टर धम्मानंदांनी माझ्या पोटातले तापमान पाहून मान डोलावली, तेव्हा मी केवढा फुगलो होतो!

पुढे सोयाबीन विकले गेले आणि करुणाच्या वडिलांनी, भीमराजने, सेनगावहून फ्रिज आणला. पांढरा, गुळगुळीत, सदा घुरघुरणारा. त्याला झेंडूचा हार घातला, डोक्यावर विणलेला रुमाल टाकला. माझ्यावर कोणी कधी चिंधीही टाकली नव्हती. शेजारच्या सुमनबाई थंड पाणी प्यायला आल्या आणि म्हणाल्या, "आता ह्या माठात कोंबडी बसवा, पद्माबाई." दुसऱ्याच दिवशी माझे गाडगे कोनाड्यात गेले, मी अंगणात गेलो आणि माझ्यात कोंबडी बसली. दारातून फ्रिज दिसे. मी इतका जळत होतो की अंडी कोंबडीवाचूनही उबली असती.

पद्माबाईंनी बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सुईच्या आधी त्या ती मुठीत धरून वितळवत. काही दिवसांतच करुणा सारखी पाणी मागू लागली, ओकू लागली, धापा टाकू लागली. एका सकाळी ती उठेचना. तिला हिंगोलीला नेले. तिथे तिला श्वासाचे यंत्र लावले, असे अंगणातल्या बोलण्यातून मला कळले. मला त्या यंत्राचाही हेवा वाटला. ते तिच्या उशाशी होते आणि माझ्याजवळ अंडी.

डॉक्टर धम्मानंद घरी आले. फ्रिज उघडून त्यांनी विचारले, "आज्जी, बाटली इथं बर्फात होती?"

"व्हय. जितकं गार तितकं चांगलं, असं वाटलं आमाला. म्याच ठिवली."

"एकदा गोठलं की औषध वाया जातं, आज्जी. मग वितळवून काही उपयोग नाही."

पद्माबाई तिथेच खाली बसल्या. फ्रिज हरला होता, तरी मला हसू आले नाही.

करुणा वाचली. ती घरी आली तेव्हा मला वाटले, आता फ्रिज जाणार. तो गेला नाही. नवी बाटली त्याच्याच दाराच्या कप्प्यात बसली, बर्फापासून लांब. माझी जळजळ तशीच राहिली.

मग वैशाखात वीज गेली ती दिवस मावळला तरी आली नाही. करुणा अंगणात आली. कोंबडीला म्हणाली, "ऊठ बाई, माझं औषध ठिवायचंय." तिने मला घासूनपुसून घरात नेले, गाडगे बसवले, वाळू भरली, पाणी ओतले. फ्रिजची घुरघुर बंद होती. मला ती शांतता फार गोड वाटली.

वीज आली की बाटली पुन्हा त्याच्याकडे जाईल, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे इन्सुलिन असेल तर ते बर्फात ठेवू नका. आणि नवे आले म्हणून जुन्याची वाळू कोरडी पडू देऊ नका. हेवा करत का होईना, मी वाट पाहत असतो.