पुसायला दिलेला चष्मा

मी एक जुना लाकडी आडोसा आहे. बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन फळ्या आणि त्यांवर ताणलेलं जाड करडं कापड, एवढंच माझं अंग. मतदानाच्या दिवशी मला शाळेच्या सभागृहात टेबलावर उभं करतात. माणूस माझ्यामागे येतो, कागदावर शिक्का मारतो आणि जातो. तेवढ्यापुरता तो कुणाचा नोकर नसतो, कुणाचा मुलगा नसतो. निदान मला घडवणाऱ्या सुताराला तसं वाटायचं. शेवटचा खिळा ठोकून तो म्हणाला होता, "जा, माणसाला जरा एकटं राहू दे."

मित्रांनो, निवडणूक काही रोज नसते. एरवी मी तिथेच भिंतीला टेकून पडलेला असतो. मुलांनी माझा राजवाडा केला, तुरुंग केला, पाठीवर पाढे खरडले. उंदरांनी कापड कुरतडलं. मोठ्या बाई मात्र नव्या मुलांना माझ्यापुढे उभं करून सांगायच्या, "हा शाळेतला सगळ्यात इमानदार. कुणाचं काही बाहेर सांगत नाही." माझी छाती फुगायची. आज मी सांगणार आहे. गप्प बसून कुणाचं भलं झालं?

शाळेत एक मुलगी होती. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे तिला ढापणी म्हणत. तिचे बाबा रंगाच्या कारखान्यात गेटवर पहारेकरी. रोज सकाळी ते तिला सभागृहाच्या दारापर्यंत सोडत, तिचा चष्मा काढून आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि पुन्हा नाकावर चढवत.

"हं, आता दिसतंय का जग?"

"दिसतंय, बाबा!"

खोटं कशाला बोलू, मला तो माणूस आवडायचा.

ढापणी मतदानाच्या वयाची झाली त्याच वर्षी कारखान्याचा मालक निवडणुकीला उभा राहिला. समोर दवाखान्यातल्या नर्सबाई. दोघांची सभा याच सभागृहात झाली. ढापणीने उठून दोघांना एकच प्रश्न विचारला, "आमच्या गल्लीत नळाला लाल पाणी येतं. तुम्ही नक्की काय करणार?"

मालक हसला. "पोरी, फुकटात रंगीत पाणी मिळतंय, आणखी काय पाहिजे?" सभागृहात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने बाबा हसले. हसावंच लागलं, मालक त्यांच्याकडेच बघत होता.

नर्सबाई म्हणाल्या, "मला आत्ता माहीत नाही. विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या आणि कारखान्याच्या नाल्याजवळ नळाचा पाइप कुठे फुटलाय ते सांगून गेल्या. ढापणीने तेही तसंच गिळलं नाही. स्वतः नाल्याकाठी जाऊन बघून आली आणि पुढच्या सभेत म्हणाली, "बाई, तुम्ही एक पाइप म्हणालात. फुटलेत दोन."

"मग मी चुकले," बाई म्हणाल्या.

तिथे तिचं मत ठरलं. मत असं ठरतं, मित्रांनो. पाय चिखलात घालून.

मतदानाच्या दिवशी कारखान्याचा मुकादम दारातच उभा होता, कोण येतं कोण जातं बघत. ढापणी आली, सोबत बाबा. दारात त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. "दे, पुसून देतो." तिने सवयीने चष्मा दिला. त्यांनी तो पुसला आणि खिशात टाकला.

"साहेब, पोरीला दिसत नाही. मी सोबत येतो." ज्याला दिसत नाही त्याने सोबत घरचं माणूस न्यावं, असा नियम आहे. चांगला नियम आहे.

अधिकाऱ्याने तिच्या नाकावरचे चष्म्याचे वळ पाहिले. पाहिलेच, मी समोर होतो. दारातला मुकादमही त्याने पाहिला. मग विचारलं, "काय गं, दिसतंय का?"

"चष्म्याशिवाय नाही दिसत, साहेब."

"मग झालं तर. चला, रांग मोठी आहे."

माझ्यामागे दोघं आली. माझ्यामागे एकानेच यायचं असतं.

"बाबा, चष्मा द्या ना."

"घरी गेल्यावर."

"मला बाईंना द्यायचंय मत."

"हळू बोल! उद्या त्या गेटवर मला उभं करतील का?" तिच्या मुठीवर त्यांची मूठ बसली आणि शिक्का उमटला. मालकाच्या नावापुढे.

मालक निवडून आला. पुढच्या निवडणुकीपर्यंत पाइप फुटकेच राहिले. त्या मतदानाच्या दिवशी ढापणी दिसली आणि मला वाटलं, या खेपेला ही भांडणार. मुकादम होताच. बाबा थकले होते, त्यांचा हातही पुढे आला नाही.

तिने आपणहून चष्मा काढला, त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "पुसा." पुन्हा माझ्यामागे दोघं आली.

मित्रांनो, माझी बिजागरी निखळली आहे. पुढच्या वेळी पुठ्ठ्याचा नवा आडोसा येईल आणि मी जळणात जाईन. मला रंग देऊ नका, खिळे ठोकू नका. मागायचं तर एवढंच मागतो, आपला चष्मा आपल्या हाताने पुसा. तेवढंही होणार नसेल तर नवे आडोसे करू नका. लाकूड फुकट जातं.