कायद्याला पाडलेल्या चुण्या

वकीलसाहेब गेले, तरी त्यांची खोली वर्षभर तशीच राहिली. भिंतभर कायद्याचे खंड, कापडी पुठ्ठ्यांचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. कुणी घेईल का, म्हणून मुलाने चार ठिकाणी विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, हे आता संगणकावर असतं. शेवटी रद्दीवाला आला. त्याने एक खंड उचलला आणि टरकन् पुठ्ठा उपटला.

"हा वेगळा विकावा लागतो, बाई."

वकिलीणबाईंनी त्याच्या हातातले दोन्ही तुकडे काढून घेतले आणि त्याला वाटेला लावलं.

गल्लीत सगळे त्यांना वकिलीणबाई म्हणत, पण त्यांची स्वतःची नोकरी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्याची. पुढे दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना कपाटावर एक जाड पुस्तक उभं दिसलं. पानांच्या कडांमधून पान उमटलेलं, झाडाचं, देठासकट. बाईंनी ते खाली काढलं, उलटसुलट केलं. ना कात्री, ना डिंक. नुसत्या घड्या!

"अहो, हे तर चुण्या पाडण्यासारखंच आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. दात दुखायचा थांबला नव्हता, पण त्या घरी आल्या त्या हसतच.

मग वकीलसाहेबांच्या खोलीत बाईंनी बैठक मारली. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीच्या दोन खुणा. वरचा कोपरा खुणेपर्यंत खाली, खालचा कोपरा खुणेपर्यंत वर, आणि कंगव्याच्या पाठीने घडी दाबायची. मधे उरलेल्या कडा शेजारी शेजारी आल्या की चित्र दिसू लागतं. पहिला पक्षी बदकासारखा झाला. दुसरा पक्ष्यासारखा झाला. तिसरा खिडकीत ठेवला तेव्हा शेजारीण थबकून बघत राहिली.

बातमी नणंदेपर्यंत जायला वेळ लागला नाही. ती तरातरा आली, चपला दारात आणि आवाज थेट खोलीत.

"वहिनी, दादाची पुस्तकं मोडतेस?"

"मोडत नाही, वन्सं. दुमडतेय."

"तो बघत असता तर काय म्हणाला असता?"

"चहा टाक, म्हणाले असते. टाकू?"

नणंदेला हसू फुटणार होतं, ते तिने दाबलं. घड्या घातलेला एक खंड मांडीवर घेऊन ती अंगठ्याने पानं सपाट करायला लागली. बाईंनी अडवलं नाही. चहा येईपर्यंत तिने बरीच पानं उलगडली, पण घड्यांच्या रेघा काही जाईनात. तिचे डोळे भरून आले.

"त्याचा एक खटला यातल्याच एका खंडात छापून आला होता," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वर्षी. त्याच्यापायी लग्नाला उशिरा पोचला होता मेला. तोही दुमडलास का गं?"

कुठला खंड, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. दोघी फरशीवर बसल्या आणि त्या वर्षाचे खंड एकेक करून चाळू लागल्या. सापडला तो अजून कपाटातच होता. दोन भावांच्या विहिरीचा वाद, आणि खाली वकिलांच्या नावांत वकीलसाहेबांचं नाव, बारीक अक्षरांत.

नणंदेने खंड छातीशी धरला. "याला हात लावायचा नाही."

"मी नाही लावत. तुम्ही लावा," बाई म्हणाल्या. "कपाटात ठेवलात तर पुन्हा कोण उघडणार आहे? दोन्हीकडून दुमडत या. ते पान सपाट राहू द्या, मधोमध, वाचता येईल असं."

"मला नाही जमणार."

"माझ्या वर्गात हे वाक्य चालत नव्हतं."

नणंदेच्या पहिल्या घड्या तिरक्या गेल्या. बाईंनी त्या उलगडून पुन्हा घालायला लावल्या. रोज दुपारी ती येऊ लागली, कुरकुरत, पण येऊ लागली. पुरं झालं तेव्हा दोन्ही बाजूंना घड्यांच्या लाटा आणि मधे ते एकच पान, उघडं. तिने ते आपल्या घरी दाराशीच मांडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती विहिरीचा खटला असा समजावून सांगते की जणू युक्तिवाद तिनेच केला.

परवा ती पुन्हा आली, हातात जड पिशवी. आत नवऱ्याची पूल बांधण्यावरची पुस्तकं.

"भावोजींना विचारलंत?" बाईंनी विचारलं.

"झोपलेत ते."

"मग जागे झाले की विचारा. माणूस घरात आहे तोवर पुस्तकं त्याची." बाईंनी पिशवी परत तिच्या हातात दिली.

संध्याकाळी दारात भावोजी स्वतः उभे. पिशवी त्यांच्याच खांद्यावर.

"वहिनी, पक्षीबिक्षी नकोत," ते चष्मा सावरत म्हणाले. "कमानी जमतील का? कमान कशी हवी, ते मी काढून देतो."

बाईंनी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.